परवानगी दिली कुणी?

१

बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयातून एक अख्खी कादंबरी नाहीशी झाली. पुस्तक मेजावर होतं तसंच होतं, गेला होता तो त्याचा आवाज. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचककाकांनी उन्हाळाभर आणि नंतरही कितीतरी दिवस घसा कोरडा करून ती जाडजूड कादंबरी ध्वनिमुद्रित केली होती. शेवटचं प्रकरण तेवढं बाकी होतं. आणि आता संगणकात पाहावं तर आदल्या दुपारी वाचलेलं एक प्रकरण सोडून सगळं साफ.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून चहात साखर घातली की नाही ते आठवत होत्या.

"मॅडम, मी चावीवाला बोलतोय," फोनवर आवाज आला.

चावीवाला म्हणजे ग्रंथालयाचे संगणक सांभाळणारा. सगळ्या यंत्रांचा मुख्य पासवर्ड त्याच्याकडे असायचा, म्हणून हे नाव. एरवी हा माणूस फोनवर निदान एक तरी कोटी केल्याशिवाय राहायचा नाही. आज त्याने सगळी हकीकत एका दमात सांगितली.

बाई एके काळी पोलिसांच्या तपास खात्यात होत्या. डोळ्यांच्या आजारात आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आणि नोकरी मुदतीआधीच संपली. आता ग्रंथालयाचं एक काम त्या घरबसल्या करत. मुद्रित झालेलं प्रकरण एका कार्डावर घरी येई. त्या ते ऐकत, कुठे शब्द चुकला, कुठे खोकला आला, कुठे खुर्ची करकरली ते कळवत आणि कार्ड परत धाडत. त्याच कार्डावरचं जुनं पुसून पुढचं प्रकरण येई. हे काम त्यांना कुणी दिलं नसतं तर त्यांनी मागून घेतलं असतं. भाऊ परदेशात, शेजार नवा. त्यांच्या घरात बोलणारं माणूस म्हणजे काय ते वाचककाका. जेवताना तेच, कपड्यांच्या घड्या घालताना तेच. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झाली नव्हती.

"दुसऱ्या डिस्कवर प्रत असते ना?" बाईंनी विचारलं.

"असते. पण ती रोज संध्याकाळी पहिलीशी जुळवून घेते. इथलं पुसलं गेलं, तिथलंही गेलं. मॅडम, संचालकांनी मला उद्या दुपारपर्यंत खुलासा द्यायला सांगितलाय. नाहीतर कामावरून काढणार."

"तू पुसलंस का?"

"नाही हो! देवाशपथ नाही."

"मग एवढा घाबरतोस कशाला?"

"कारण, मॅडम, कसंही फिरवून बघितलं तरी ते फक्त मलाच करता येतं."

२

मुद्रणाची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. भिंतींना जाड कापडी गाद्या ठोकलेल्या. आत शिरताच काठीचा आवाजसुद्धा गिळल्यासारखा झाला. बाईंना क्षणभर आपण पुन्हा एकदा आंधळ्या झालो असं वाटलं. त्यांना जग कळायचं ते भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजाने, आणि इथे काहीच परत येत नव्हतं.

दोन पावलं टाकली तर गुडघा एका खुर्चीला लागला.

"वाचककाका इथे बसतात?"

"नाही, त्यांची पलीकडे, माइकसमोर. ही जादाची. मला बसायला म्हणून त्यांनीच खालून आणली." चावीवाल्याने ती बाजूला ओढली. "पण मला कुठली बसायला फुरसत! माझी खोली तळघरात. इथून हाक आली की धावत वर, पासवर्ड टाकला की धावत खाली."

बाईंनी खुर्चीवर हात फिरवला. वर उशी होती, घरची, भरतकाम केलेली.

"कसला पासवर्ड, नीट सांग. मला सगळं माहीत आहे असं धरू नकोस."

चावीवाल्याने सांगितलं ते असं. ज्या प्रोग्रामात आवाज मुद्रित होतो तो जुना आहे, खात्रीचा आहे, इतकी वर्षं वापरात आहे. पण संगणकाला त्याची ओळख काही पटत नाही. तो उघडायला गेलं की दर वेळी पडदा काळवंडतो, टुंग असा आवाज होतो आणि मधोमध एक खिडकी येते: या प्रोग्रामला यंत्रात बदल करू द्यायचे का? तिथे मुख्य पासवर्ड टाकून 'हो' म्हणावं लागतं. तो पासवर्ड काकांकडे नाही.

"म्हणजे घरच्याच माणसाला दारात रोज विचारायचं, आपण कोण?"

"अगदी तस्सं!" चावीवाल्याला इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. "संचालक म्हणायचे, ते विचारणंच बंद करून टाक. मी म्हटलं, घरच्याला त्रास होतो म्हणून दाराची कडी काढून टाकायची नसते, चोरालाही तेच दार असतं. मी दुसरी युक्ती केली. फक्त ह्या एका प्रोग्रामापुरती वेगळी वाट करून दिली. पडद्यावर एक नवं चिन्ह ठेवलं. त्यावरून गेलं की काही न विचारता उघडतो."

"मग तुझं धावणं थांबलं असेल."

"कुठलं! ते चिन्ह आपोआप नाहीसं व्हायचं. मी परत ठेवायचो, आठवड्याभरात परत गायब. शेवटी नाद सोडला."

बाईंची काठी जमिनीवर टेकलेली तशीच राहिली. "आणि पुसलेल्या कादंबरीचं काय?"

"तेच तर. सगळी मुद्रणं ज्या कप्प्यात असतात त्याला मी कुलूप घातलंय. नवीन काही ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण ठेवलेलं पुसायचं म्हटलं की तीच खिडकी, तोच पासवर्ड. चुकूनसुद्धा कुणाच्या हातून काही जाऊ नये म्हणून." त्याचा आवाज बसला. "आणि ते विचारणं चालू आहे, मी बंद केलेलं नाही. ऐका."

त्याने माउसची टिचकी मारली. टुंग. भांड्यावर चमचा आपटावा तसा, पण गोल, मऊ आवाज.

"पासवर्ड तुझ्याशिवाय आणखी कुणाकडे आहे?"

उत्तर दारातून आलं, जरा करड्या आवाजात. "माझ्याकडे."

३

संचालक घाईचा माणूस होता. चालताना किल्ल्या वाजत, बोलताना पेन वाजे. त्यांनी बाईंना आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, आणि कपाटातून एक पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"पासवर्ड यात आहे. अडीनडीला लागेल म्हणून. फोडलेलं नाही, बघा."

बाईंनी पाकिटाच्या चारही कडा बोटांनी चाचपल्या. डिंक जागच्या जागी, त्यावर लाखेचा गोळा, तोही अखंड. धूळ मात्र भरपूर.

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"विश्वस्तांच्या बैठकीत, खाली सभागृहात. सगळ्यांसमोर." पेन वाजलं. "मॅडम, तुम्हाला त्या मुलाबद्दल माया आहे, मलाही आहे. पण तो त्या जिन्याला वैतागला होता. मला स्वतःला म्हणाला होता, ह्या खिडकीपायी एक दिवस मी सगळं उडवून लावणार."

"असं वैतागलेला माणूस म्हणतोच."

"म्हणतो, आणि कधी कधी करतोही."

"कादंबरी गेल्यामुळे तुमचं काही नुकसान?"

संचालकांनी सरळ उत्तर दिलं नाही. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि खोलीत एक आवाज सुरू झाला. स्पष्ट, गोड, न थकणारा. त्याने एक परिच्छेद वाचला, श्वास न घेता.

"हा यंत्राचा आवाज. काकांची ही कादंबरी शेवटची. यापुढे सगळी पुस्तकं हाच वाचणार. विश्वस्तांनी ठरवलंय, काकांना मी स्वतः सांगितलं. खोकला नाही, रजा नाही, मागे धावाधाव नाही."

"काय म्हणाले काका?"

"काही नाही. बरं म्हणाले."

बाई उठल्या. संचालकांना ती कादंबरी नकोशी असायला कारण होतं. यंत्राने ती एका दिवसात वाचून टाकली असती आणि सगळे म्हणाले असते, बघा, आधीच हे करायला हवं होतं. पण पाकीट फोडलेलं नव्हतं, आणि माणूस दुपारभर चारचौघांत बसला होता. दोन चाव्या, त्यातली एक लाखेखाली. उरली ती चावीवाल्याची.

दारात पोचल्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सांभाळून, पायरी आहे."

बाईंचा हात चौकटीवर गच्च आवळला गेला. हा आवाज कितीतरी रात्री जेवताना त्यांच्या ताटासमोर होता.

४

"आपणच का त्या?" वाचककाका म्हणाले. "माझ्या चुका काढणाऱ्या?"

"मीच ती. गेल्या महिन्यात 'क्षितिज'वर दोनदा अडखळलंत."

"दात नवा बसवला होता," काका म्हणाले, आणि दोघंही हसली. वर जाऊन ते मुद्रणाच्या खोलीत बसले. काकांनी त्यांना उशीची खुर्ची दिली.

बाईंनी विचारलं, ते काकांनी सांगितलं. सगळं नीट, पूर्ण वाक्यांत, वाचून दाखवल्यासारखं. काल जेवणानंतर ते मुद्रणाला बसले, संध्याकाळी घरी गेले. कुणी अनोळखी आलं नाही. यंत्रातलं त्यांना फारसं काही कळत नाही.

"पडद्यावरचं ते नवं चिन्ह कोण काढून टाकायचं?"

"कल्पना नाही." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. पाण्याचा घोट ऐकू आला नाही.

"घरी कोण कोण असतं आपल्या?"

"मी असतो," काका म्हणाले. "मुलगी लांब आहे. रविवारी फोन करते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझी सवय अशी की सकाळी इथे येईपर्यंत मी बोलतच नाही, घसा राखायचा म्हणून. आणि घरी गेल्यावर..." ते थांबले. "घरी गेल्यावर प्रश्नच नसतो."

बाईंनी मान हलवली. त्यांना आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या निघाल्या तेव्हा काकांनी एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. "काल दुपारचं प्रकरण. तेवढं एकच राहिलंय. ऐकलंत का?"

"नाही अजून."

"ऐका," काका म्हणाले. मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "शेवटपर्यंत ऐका."

५

घरी येऊन बाईंनी दिवा लावला नाही. त्यांना तो लागत नसे, आणि बघणारं दुसरं कुणी नव्हतं. खिडकी लावून घेतली आणि कार्ड यंत्रात सरकवलं.

कादंबरी एका बेटावरच्या वेधशाळेची होती. तिथला एकटा राहिलेला निरीक्षक रोज वाऱ्याची नोंद करून किनाऱ्याला कळवतो, आणि किनाऱ्यावर कुणी ती ऐकतं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. काकांचा आवाज त्या बेटावरून चालत राहिला. बाई उशीवर डोकं टेकून ऐकत होत्या आणि तपास बिपास थोडा वेळ विसरल्याच.

प्रकरणाच्या मध्यावर काका थांबले. वाक्य पुरं करून थांबले. खुर्ची मागे सरकली, पावलं यंत्राकडे गेली. माउसच्या टिचक्या, एक, मग दुसरी.

टुंग.

बाई उठून बसल्या.

दार उघडलं. लांबून काकांचा आवाज: "अरे, आलं बघ तुझं ते पाहुणं!" मग बराच वेळ काही नाही. मग जिन्यावरची धाव, धाप आणि चावीवाल्याचा आवाज: "परत? काका, आज सकाळीच तर उघडून दिला होता. मिटला का मधेच?" कळा खडखडल्या. "हं. झालं."

"बस की जरा. पाणी तरी घे."

"नको हो, खाली बैठकीचा माइक बंद पडलाय, माझ्या नावाने शंख चाललाय." पावलं गेली. दार लागलं.

त्यानंतर काही नव्हतं. कोरी शांतता नव्हे, एका माणसाच्या श्वासाची. ती इतकी लांबली की बाईंना वाटलं प्रकरण संपलं. मग काका माइकपाशी आले, घसा साफ केला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचू लागले. वाऱ्याचा वेग, ढगांची उंची. आवाज किंचित ओला.

बाईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. चावीवाल्याने काल सकाळी प्रोग्राम उघडून दिला. दुपारी खिडकी पुन्हा आली, त्याला वाटलं प्रोग्राम मिटला. रोजचंच, म्हणून त्याने न वाचताच 'हो' म्हटलं.

पण प्रोग्राम मिटलेला नव्हता. मिटला असता तर हे सगळं मुद्रित कसं झालं असतं? टुंग वाजलं तेव्हा तो उघडा होता आणि ऐकत होता.

मग ती परवानगी कशाची होती?

६

सकाळी बाई सरळ वरच्या मजल्यावर गेल्या. काका आधीच येऊन बसले होते.

"ऐकलंत," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"ऐकलं. हे प्रकरण अर्ध्यावर असताना, ते कप्प्यात जाण्याआधीच, कादंबरीचा कप्पा तुम्ही पुसायला घेतलात. यंत्राने पासवर्ड मागितला. तुम्ही चावीवाल्याला हाक मारलीत. खिडकी तीच, काळवंडलेला पडदा तोच, फक्त आतलं वाक्य वेगळं. ते तो वाचणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. रोज कुणी तीच शपथ घ्यायला लावली तर माणूस शब्द ऐकणं सोडून देतो."

काकांची खुर्ची करकरली.

"ते चिन्हही तुम्हीच काढायचात. ते राहिलं असतं तर तो वर आलाच नसता. या इमारतीत त्या धावपळीने कुणाचं काही भलं होत असेल तर ते तुमचंच. तुम्ही त्याच्यासाठी खुर्ची आणलीत, घरून उशी आणलीत."

"बायकोची आहे," काका म्हणाले. "तिने भरलेली."

"तो कधी बसला?"

"नाही. पण दारात उभा राहून दोन शब्द बोलायचा. जिन्याला शिव्या द्यायचा. दिवसातलं तेवढंच, जे मला कुणी लिहून दिलेलं नसायचं." काकांचा आवाज आता वाचत नव्हता, अडखळत होता. "आणि मग संचालक म्हणाले, ही शेवटची. मला वाटलं, गेली तर परत वाचावी लागेल. आणखी काही महिने मिळतील. एवढाच विचार केला, बाई. पासवर्ड त्याचा, नाव त्याच्यावर येईल, हे... शपथेवर सांगतो, त्या क्षणी डोक्यातच आलं नाही."

"नंतर आलं?"

"तो खाली गेला आणि लगेच आलं."

"माइक चालू होता. तुम्ही इतकी वर्षं हे काम करता. लाल दिवा तुमच्या नाकासमोर असतो. तो विसरलात?"

खोलीने त्यांचा श्वाससुद्धा गिळून टाकला.

"आधी विसरलो होतो," ते शेवटी म्हणाले. "तो गेल्यावर दिसला. तेवढा भाग कापायला दोन मिनिटं पुरली असती. हात पुढे केलाही होता. मग वाटलं, असू दे. संचालकांपुढे उभं राहायचा धीर माझ्यात नव्हता. पण हे कुणीतरी ऐकेल. शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस आहे हे मला माहीत होतं."

बाईंना तपास खात्यातले कबुलीजबाब आठवले. ते ऐकून फाईल मिटायची, आणि माणूस हातकड्यांसकट नजरेआड व्हायचा. इथे मिटायला काही नव्हतं. त्या उठल्या आणि हात पुढे केला.

"चला. जिन्यावर मला आधार लागतो, आणि तुम्हालाही लागेल."

७

संचालक भडकले, ते साहजिकच होतं. पण काका त्यांच्यासमोर उभे राहून सगळं बोलले, एकही गोष्ट न वगळता, आणि चावीवाल्याकडे वळून म्हणाले, "मला माफ कर." त्याने डोकं खाजवलं.

"'हो' तर मीच म्हटलं, काका," तो म्हणाला. "काय विचारलंय ते बघायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मला ठेवलंय."

त्याची नोकरी राहिली. काकांनी कादंबरी पुन्हा वाचून द्यावी आणि मग यायचं थांबवावं, असं विश्वस्तांनी ठरवलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. चावीवाल्याने त्या प्रोग्रामाची वेगळी वाट पुन्हा करून दिली, ती ह्या वेळी टिकली. खिडकी यायची बंद झाली आणि त्याचं वर येणंही. एकदोनदा तो मुद्दाम गेला, दारात उभा राहिला. पण काम नसताना काय बोलायचं ते त्यालाही सुचलं नाही, काकांनाही. मग जाणं राहिलं.

प्रकरणं कार्डावर येत राहिली आणि बाई ऐकत राहिल्या. दुसऱ्या खेपेचं वाचन पहिल्याहून चांगलं होतं. हे त्यांनी कळवलं नाही, कारण त्यांचं काम चुका कळवण्याचं होतं. शेवटचं कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी ग्रंथालयाला फोन लावला आणि काकांना निरोप दिला, एकदा घरी या.

ते आले. कपडे इस्त्रीचे असावेत, चालताना करकरत होते. बाईंनी चहा केला. काका खुर्चीत बसले आणि हातात पुस्तक नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, पेला सारखा इकडून तिकडे ठेवत राहिले.

"काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. तुमचं."

काकांनी सुरुवात केली. त्यांच्या गल्लीतल्या नळाबद्दल काहीतरी. वाक्य मधेच सोडलं, दुसरं धरलं, तेही सोडलं. आवाज बारीक होता, जरा नाकातून येणारा, आणि प्रत्येक वाक्याआधी ते 'म्हणजे' म्हणत. बाई ऐकत होत्या. इतकी वर्षं त्यांच्या ताटासमोर बसलेला माणूस हा नव्हताच. तो पुस्तकांतला होता, आणि आता तो कधी येणार नव्हता. हा कुणी दुसराच म्हातारा होता. ह्याला नळाबद्दलसुद्धा धड सांगता येत नव्हतं.

काका थांबले. "कंटाळलात," ते म्हणाले. "मी निघतो."

बाईंनी आपली खुर्ची धरली, फरफटत पुढे आणली आणि त्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा लागेल इतक्या जवळ ठेवून बसल्या.

"नळाचं काय झालं मग?" त्यांनी विचारलं.